न लागलेला निकाल

मित्रांनो, रुग्णालयाच्या तळमजल्यावर नातेवाइकांच्या बाकांसमोर, पाण्याच्या पिंपाच्या वरच्या अंगाला जो जाडजूड टीव्ही टांगलेला दिसतो, तो मीच. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे आणि आवाज वाढवायचं बटण कधीचंच आत गेलं आहे. येणारे-जाणारे मला 'डबा' म्हणतात. म्हणोत बापडे. याच डब्यासमोर एके संध्याकाळी अख्खी खोली श्वास रोखून बसली होती. ती संध्याकाळ आठवली की माझ्या जुन्या तारा अजूनही गरम होतात.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे सरकत्या पट्ट्यावरून आम्ही भावंडं रांगेनं पुढे जायचो. कुणी आतल्या तारा जोडायचं, कुणी पाठीवर झाकण बसवायचं. शेवटी एक बाई प्रत्येकाला वीज देऊन तपासायची. माझ्यावर रंगीत पट्टे लख्ख उमटले, तेव्हा तिनं मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. मग मी दुकानाच्या काचेमागे उभा राहिलो. दिवसभर माझ्यावर मासे पोहायचे. रस्त्यावरची माणसं थांबायची, मासे बघायची आणि काही न घेता निघून जायची. मला वाटायचं, आपण एखाद्या घरात जाऊ, समोर गुबगुबीत खुर्च्या असतील, भावंडं रिमोटवरून भांडतील. पण माझ्या नशिबात रुग्णालय लिहिलेलं होतं.

मला नेलं ते डायलिसिसच्या खोलीत. माणसाची मूत्रपिंडं थकली की त्याचं रक्त साफ करायचं काम तिथली यंत्रं करतात. एक दिवसाआड यायचं, हातात सुया टोचून घ्यायच्या आणि चार तास यंत्राशी बांधल्यासारखं पडून राहायचं. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. तहान अगदीच अनावर झाली तर बर्फाचा खडा चघळायचा. तिसऱ्या तासाला पायात गोळे येतात, अंगात थंडी भरते आणि वेळ मुंगीच्या पावलानं चालू लागतो. माझ्या आधी तिथली माणसं छताच्या पंख्याकडे बघत पडायची. मोठ्या सिस्टरांना ते बघवेना. त्यांनी वरच्यांच्या मागे लागून मला आणवलं आणि स्वतः शिडीवर चढून माझी काच पुसली.

मी आलो आणि थोड्याच दिवसांत संध्याकाळी सहाला एक नवी मालिका सुरू झाली. तिचं नाव 'हरकत मान्य'. एक पूल पडतो, माणसं मरतात आणि त्या पुलाच्या कागदांवर सही करणारा इंजिनिअर तुरुंगात जातो. त्याची मुलगी बापाला सोडवायचं म्हणून वकील होते. रोज ती दुसऱ्या कुणाचा तरी खटला लढायची, पण बापाचा खटला मागे धुमसतच असायचा. दुपारच्या पाळीच्या लोकांना सहाची वेळ म्हणजे तो नकोसा तिसरा तास. त्यामुळे वकीलबाई उभ्या राहिल्या की पायातले गोळेसुद्धा जरा थांबून ऐकायचे म्हणा ना.

मित्रांनो, मी स्वतः ती मालिका कधी पाहिली नाही. ती माझ्याच अंगावर चालायची, मग मला कशी दिसणार? काय चाललंय ते अंगाला कळायचं, पण दिसायचे ते समोरचे चेहरे. ते मात्र मी इतकी वर्षं पाहिले, की कोण कुठल्या वाक्याला भुवई उंचावेल हे मला आधी कळायचं.

खिडकीजवळच्या पलंगावर भूगोलाच्या बाई असायच्या. नोकरीतून निवृत्त झालेल्या, अंगानं काडी, पण नजर अशी की डॉक्टरसुद्धा शर्टाचं बटण नीट लावून समोर यायचे. घरी त्या आणि त्यांची भाची, दोघीच. सुरुवातीला बाईंनी माझ्याकडे पाठ केली होती. मालिका म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं त्यांचं मत. एके दिवशी वकीलबाईंनी नदीचा नकाशा उलटा धरला आणि बाई तिरीमिरीनं वळून म्हणाल्या की अगं, उत्तर वर असते. त्या वळल्या त्या वळल्याच. नंतर कधी पाठ फिरवली नाही.

त्यांच्या शेजारच्या पलंगावर ट्रक चालवणारा एक दांडगा माणूस होता. आजारपणानं गाडी सुटली होती, पण आवाज घाटातलाच राहिला होता, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. बाईंचं ठाम मत, इंजिनिअर निर्दोष आहे, वरच्यांनी त्याचा बळी दिला. भोंग्याचं तितकंच ठाम मत, सही त्याची आहे ना, मग दोषी तोच. एवढ्यावरून दोघं वर्षानुवर्षं भांडले. पलीकडे होते पुकारेकाका. त्यांचं खरं आडनाव कुणालाच ठाऊक नव्हतं. हयातभर त्यांनी कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा केला होता. त्यांना ही मालिका म्हणजे डोक्याला ताप. खऱ्या कोर्टात असं कुणी ओरडत नाही, खऱ्या कोर्टात न्यायाधीश इतका वेळ बोलू देत नाहीत, असं त्यांचं अखंड चालायचं. पण सहा वाजायला आले की चष्मा पुसून तयार व्हायचे तेच पहिले.

ते माझे वैभवाचे दिवस होते. मोठ्या सिस्टर येता-जाता माझी काच पुसायच्या. एकदा माझा रंग हिरवट झाला, तर भोंग्यानं ओळखीचा मेकॅनिक बोलावून आणला आणि स्वतःच्या माणसाला दाखवावं तसं मला दाखवलं.

आणि मग एका संध्याकाळी माझ्याच तोंडून ती बातमी बाहेर पडली. 'हरकत मान्य' संपणार. बापाच्या खटल्याचा निकाल लागणार.

खोलीत एकदम कल्ला झाला. पुकारेकाका म्हणाले, एकदाचं संपवा, रबर ताणावं तसं ताणलंय. पण म्हणताना त्यांचा चेहरा उतरला होता. भोंग्याला निकाल कधी लागतो असं झालं होतं. आपणच खरे ठरणार, याची त्याला इतकी खात्री, की बाईंनी त्याची जाहीर माफी मागायची असं त्यानं ठरवूनही टाकलं. मोठ्या सिस्टर आनंदानं नाचायच्याच बाकी होत्या आणि पुढच्याच क्षणी म्हणाल्या की मग सहा वाजता मी करू काय. शेवट हवाही होता आणि नकोही. रोज नवे तर्क निघायचे. खरा दोषी कोण, वकीलबाई आणि सरकारी वकील यांचं जमणार का, बाप जिवंत बाहेर येणार का. सकाळच्या पाळीची माणसं जाता जाता दारातून मत टाकून जायची. डॉक्टरांची फेरीसुद्धा सहाच्या आत उरकू लागली.

बाई मात्र गप्प होत्या. एके दिवशी सुया काढून झाल्यावर, हातावर कापसाचा बोळा दाबून धरलेल्या बाई मोठ्या सिस्टरांना म्हणाल्या, "तो निकाल लागला की मीही सुटले. त्यानंतर मी यायची नाही."

सिस्टर आधी हसल्या. मग त्यांनी बाईंचं तोंड पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं.

डायलिसिसला यायची नाही, याचा अर्थ त्या खोलीत कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. मोठ्या सिस्टर तशाच डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर स्टूल ओढून बाईंच्या पलंगाशी बसले. त्यांनी उपदेश केला नाही. निर्णय तुमचाच आहे, पण नेमकं काय सोसवत नाही ते तरी मला सांगा, असं म्हणाले. बाईंनी सांगितलं, की पायात येणारे गोळे आता सहन होत नाहीत. घरी गेलं की दुसरा दिवस अंथरुणातच जातो, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा इथे यायचं. भाचीचं वय हिंडाफिरायचं, ती उशाशी बसून राहते. हे इतके दिवस का बोलला नाहीत, असं डॉक्टरांनी विचारलं. वर्गात शिक्षकानं कण्हायचं नसतं, असं बाई म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले की यंत्र अंगातलं पाणी खेचतं ती ओढ कमी करता येते, वेळ थोडा वाढवता येतो, औषध बदलता येतं. पुष्कळ काही करून बघता येतं.

"करा काय ते," बाई म्हणाल्या. "शेवटच्या भागापर्यंत."

मधला पडदा पातळ होता. पलीकडे भोंगा पडून होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. घाटात ट्रक हाकणारा तो गडी, पण त्यानं उशीत तोंड खुपसलेलं मी पाहिलं. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा मात्र त्यानं नेहमीपेक्षा दुप्पट भांडण काढलं. इंजिनिअर दोषी, हजारदा दोषी. बाई चिडल्या. त्यांच्या गालांवर रंग आला. मला वाटतं, त्याला तेच हवं होतं.

शेवटचा भाग मोठा होता, आणि तो नेमका दुपारच्या पाळीच्या दिवशी आला. काय ती गर्दी. सकाळच्या पाळीचे लोक घरी जाऊन, जेवून परत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. तपासणीच्या खोलीतल्या मुली दारात. स्वयंपाकघरातल्या मावशी हात पुसत आल्या. यंत्रांचे आवाज सुरू होते, पण त्या आवाजातही माझा शब्द न् शब्द ऐकू जात होता. भाची बाईंच्या पायांवर दुलई घालून पलंगाच्या कडेला बसली. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती बाईंकडे बघत होती.

मित्रांनो, मी तेव्हा काही तरुण नव्हतो. माझी पाठ तापायची, चित्र मधूनच थरथरायचं. आज फक्त आज टिकून राहायचं, असं मी मनाशी घोकत होतो. वकीलबाईंनी शेवटचा युक्तिवाद केला. कितीतरी डोळे भरून आले. सरकारी वकील बोलले तेव्हा भोंग्यानं मांडीवर थाप मारली आणि यंत्र ओरडलं, म्हणून सिस्टर त्याच्यावर ओरडल्या. मग न्यायाधीश आले. सगळे उठून उभे राहिले, म्हणजे मालिकेतले. खोलीतले उभे राहू शकत नव्हते, पण मानेनं उभे राहिले. न्यायाधीशांनी कागद उघडला. चष्मा लावला. बापाकडे पाहिलं. तोंड उघडलं.

आणि मी काळा झालो.

काळा म्हणजे ठार काळा. आवाज नाही, चित्र नाही. एक क्षण कुणाला काही कळेना. मग जो गदारोळ उठला तो विचारू नका. डबा गेला, डबा गेला. कुणी म्हणे तार बघा, कुणी म्हणे थोपटा त्याला. यंत्रं सांभाळणारा तंत्रज्ञ खुर्चीवर चढला आणि त्यानं माझ्या कुशीत असा रट्टा दिला की माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला. मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, मी काही केलं नव्हतं. कारण दुसऱ्याच क्षणी माझ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'समाप्त' उमटलं, आणि लगेच एक हसरी बाई साबण दाखवू लागली.

मालिका तिथेच संपली होती. निकाल न सांगता.

मोठ्या सिस्टर भिंतीला टेकून रडू लागल्या. इतकी वर्षं फुकट गेली, असं भोंगा पुन्हा पुन्हा म्हणत होता. स्वयंपाकघरातल्या मावशी म्हणाल्या की मला आवडला बाई, ज्यानं त्यानं मनातला निकाल लावावा. त्यावर चौघं त्यांच्या अंगावर धावली, तोंडानंच. पुकारेकाका तेवढे खूश होते. पहिल्यांदाच या लोकांनी खरं कोर्ट दाखवलं, असं म्हणून ते खो खो हसत सुटले.

बाईंच्या सुया काढल्या, वजन केलं, भाचीनं चप्पल पायात सरकवली. दारातून बाहेर पडताना त्यांनी मागे वळून पाहिलं, ते माझ्याकडे. रागानं पाहिलं. मग त्या गेल्या.

पुढच्या खेपेला दुपारी सगळे आले. खिडकीजवळचा पलंग रिकामा. मोठ्या सिस्टरांनी त्यावर स्वच्छ चादर घातली, सुरकुत्या काढल्या, मग पुन्हा काढल्या. पुकारेकाकांनी दाराकडे पाठ करून घेतली. पाळी सुरू होऊन गेली तरी कुणी आलं नाही. भोंग्यानं सिस्टरांना हळूच विचारलं की फोन करता का. सिस्टर म्हणाल्या, केला होता, कुणी उचलला नाही.

आणि मग दार उघडलं. भाचीच्या खांद्यावर हात ठेवून बाई आत आल्या. वाटेत रिक्षा बंद पडली होती आणि त्याबद्दल त्या रिक्षावाल्याला भूगोल शिकवून आल्या होत्या. पलंगावर बसल्या, हात पुढे केला आणि सिस्टर सुई टोचत असतानाच म्हणाल्या, "मी काही राहायला आलेली नाही. पण हा खटला असा लोंबकळत टाकून जाणं बरं नाही."

मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आधी तो बंद करा."

मित्रांनो, दुपारची पाळी चालू असताना मला बंद केलं जाणं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मनाला लागलं. पण माझी वीज चालू ठेवली होती, लाल दिवा जळत होता, आणि ऐकायला-बघायला मला तेवढा पुरत होता.

खोलीचंच कोर्ट झालं. न्यायाधीश बाई. बापाच्या बाजूनं मोठ्या सिस्टर आणि विरोधात भोंगा. पुकारेकाकांनी घसा खाकरला आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा पुकारा केला. तो आवाज असा काही घुमला की बाहेरच्या बाकांवरची माणसं दचकून उभी राहिली. डॉक्टर फेरीला आले तर त्यांनाच साक्षीला उभं केलं. मृतांच्या जखमांवरून पूल एकदम पडला की हळूहळू, हे सांगा. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी घाम पुसत उत्तरं दिली. तास कसा गेला ते कळलं नाही. कोर्ट उठलं तेव्हा बाईंनी सांगितलं, की पुढची सुनावणी परवा. मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं. भाचीनं झटकन तोंड फिरवून डोळे पुसले. मुकाट्यानं सगळ्यांनी परवाची तारीख मान्य केली.

असे कितीतरी परवा आले. दरम्यान डॉक्टरांनी यंत्राची ओढ कमी केली, वेळ वाढवला. गोळे अगदी गेले नाहीत, पण आवाक्यात आले. एकदा बाई स्वतःहून म्हणाल्या की पाय दुखतोय, जरा दाबता का. शिक्षकानं कण्हायचं नसतं, हा नियम त्यांनी त्या दिवशी मोडला.

शेवटच्या युक्तिवादाला भोंगा उभा राहिला, म्हणजे उशीला टेकून बसला. सगळ्यांना वाटलं, आता ओरडणार. पण तो हळू बोलला.

"बाई, मी पुलावरून गाडी नेणारा माणूस. खाली किती पाणी आहे, खांब किती पोकळ आहे, मला काय कळणार? कुणीतरी बघून सही केलीय, एवढ्या भरवशावर मी पलीकडे जायचो. त्या इंजिनिअरनं न बघता सही केली. दबावाखाली केली असेल. पण वर गाडीत बसलेल्याला तो दबाव कुणी सांगितला होता का?"

बाईंनी डोळे मिटले. इतकी वर्षं त्या बापाची बाजू घेऊन भांडल्या होत्या, सगळी खोली साक्षीला होती. मग त्यांनी डोळे उघडले.

"दोषी," त्या म्हणाल्या. "माझं चुकत होतं. पण मुलीनं त्याला भेटायला जायचं थांबवू नये. दोषी ठरला म्हणून तो तिचा बाप नाही असं होत नाही."

भोंगा जिंकला होता. त्यानं जाहीर माफी काही मागायला लावली नाही. त्यानं फक्त मान खाली घातली. टाळ्या वाजवल्या त्या पुकारेकाकांनी, सुई नसलेल्या एका हातानं पलंगाच्या कठड्यावर. मग अख्खी खोली वाजवू लागली.

खटला संपला. आता मात्र सगळ्यांना धाकधूक, की बाई काय करतील. बाई म्हणाल्या की परवा येताना त्या नवा खटला घेऊन येतील, कारण भोंग्याला नद्यांबद्दल काडीचीही माहिती नाही आणि एवढं अज्ञान सोडून जाणं त्यांच्या पेशाला शोभत नाही. भाची त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मैत्रिणींबरोबर फिरायला गेली.

पुढे त्या खोलीत पातळ, चकचकीत नवे टीव्ही आले, प्रत्येक पलंगाला वेगळा. मला खाली, या बाकांसमोर आणलं. आता माझ्यावर बातम्या चालतात आणि बघतं कुणी नाही. जो तो हातातल्या फोनमध्ये मान घालून बसलेला असतो. सुरुवातीला वाईट वाटलं. पण कधीकधी वरच्या मजल्यावरून एक खणखणीत पुकारा जिन्यातून खाली येतो आणि बाकांवरची माणसं चमकून वर बघतात. मी ओळखतो. वर कोर्ट भरलेलं असतं. प्रत्येकाच्या डोक्याशी स्वतःचा टीव्ही, आणि सगळे बंद.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्या घरात, शेजारी, कुणीतरी एखादी मालिका वर्षानुवर्षं बघत असेल. ती संपली की त्यांना हसू नका. एवढं काय त्यात, असं म्हणू नका. त्या वेळेला त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, की तुमच्या मते पुढे काय झालं असेल. मग ते सांगतील तेवढं सगळं ऐका. आणि ऐकता ऐकता हेही विचारा, की दुखतंय का कुठे. आम्ही टीव्ही खूप काही दाखवू शकतो, मित्रांनो, पण आम्हाला प्रश्न विचारता येत नाही. तो तुम्हालाच विचारावा लागेल.